थोरलीचा होकार

६ मे, मंगळवार

आज पुन्हा तेच. सकाळी सकाळी बू हार्मिनींचा फोन. "निकेन, तुझं यंत्र झोपलंय का गं?" यंत्र झोपलेलं नाही, यंत्र वाट बघतंय. हा फरक त्यांना समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला.

फरक आहे, आणि मी तो इथे लिहून ठेवते. बू हार्मिनी, म्हणजे हार्मिनीबाई, आमच्या सोलो शहरातली निम्मी लग्नं पार पाडून देतात. मांडव, स्वयंपाक, पत्रिका, गामेलानचे वाजंत्री, नवरीला सजवणाऱ्या बायका, सगळं त्यांच्याकडून. पूर्वी त्या हे फोनवर ओरडून करायच्या, आता माझा प्रोग्राम करतो. एकेक काम म्हणजे एकेक पडून राहिलेला माणूस समजायचा. त्याच्या कानात मी सांगून ठेवलंय, बाबा रे, तुझ्याआधीची कामं झाल्याचा निरोप आला की ऊठ, तोवर खुशाल पडून राहा. पत्रिका छापायचं काम तारीख ठरेपर्यंत पडून असतं. स्वयंपाकी पाहुण्यांचा आकडा येईपर्यंत. कुणी कुणाच्या दारात ताटकळत नाही, ज्याची पाळी येईल तो उठतो. वाट बघायला संगणकाला काही म्हणजे काही लागत नाही, याचंच तर आमच्या कंपनीच्या मालकांनी सेमारांगहून फोन करून कौतुक केलं होतं.

आणि आता काही लग्नं जागची हलेनात. सगळी नाहीत हो, बाकीची धडाधड चालली आहेत. ही काहीच. चूक झाल्याचा इशारा नाही, लाल अक्षर नाही. कुठल्याही कामाला विचारा, उत्तर एकच: वाट बघतोय. त्यात लग्नांचा बेसर महिना तोंडावर. आत्ताच्या सेला महिन्यात कुणी लग्न काढत नाही, बेसरानंतरच्या सुरोत तर लग्नाचं नावसुद्धा काढायचं नाही. म्हणजे सगळ्या शहराची लग्नं एका बेसरात कोंबलेली. आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते मला दिसत नाही.

दिवसभर ऑफिसातल्या त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून कंबर गेली. ऑफिसच्या घरमालकीणबाईंना दया आली असावी, स्टुलावर कुणीतरी उशी ठेवून गेलं होतं.

९ मे, शुक्रवार

दनंगचे आईवडील आले होते. दनंग म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, लारसचा, ठरल्यासारखा नवरा. ठरल्यासारखा म्हणते कारण किती वर्षं झाली, ठरलंय असं सगळे धरून चालतात आणि ठरवत कुणीच नाही. त्याला आता सोरोंगच्या बंदरात नोकरी लागली आहे, पार पापुआच्या टोकाला. जुलैत हजर व्हायचं. बायको असेल तर राहायला घर मिळतं, नसेल तर चार पुरुषांत एक खोली. म्हणजे लग्न बेसरात झालं तर झालं, नाहीतर तो तिकडे आणि ही इकडे, आणि पुन्हा सुट्टी कधी ते देव जाणे.

त्यांनी चहा घेतला. हवेच्या गप्पा झाल्या, आंब्याच्या झाल्या. दनंगच्या आईनं "यंदा बेसर महिना जरा लवकरच आला नाही?" म्हटलं, आणि आमची बू, म्हणजे आई, माझ्याकडे बघायला लागली. मला ऑफिसातून फोन आला होता. आला नव्हता, पण यायचीच वेळ होती. मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा पाहुणे निघाले होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही गं, सहज आले होते," बू म्हणाली.

या घरात मला कुणी काही सांगत नाही. बापाक म्हणजे वडील गेल्यापासून या घराचा गाडा मी ओढते आणि मलाच सगळं शेवटी कळतं.

१४ मे, बुधवार

मास पंबुदींवर आज चिडले. ऑफिसात आम्ही दोघंच. ते मला म्बाक म्हणजे ताई म्हणतात, मी त्यांना मास, नुसता मान म्हणून. ते क्लातेनकडचे, चाळिशी ओलांडलेले, कामाला चोख, पण बोलणं असं की ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

दुपारी माझ्यासमोर तळलेल्या तेम्पेची पुडी ठेवली आणि म्हणाले, "म्बाक निकेन, आपण तपासणीसाठी जे खोटं लग्न घेतलं होतं ना, ते कुणाचं होतं?"

"एकुलत्या एका मुलीचं. का?"

"नाही, सहज. एकुलतीच का?"

"सोपं पडतं म्हणून. तुम्हाला काही दिसलंय का?"

"छे छे." मग बराच वेळ खिडकीतून खाली रिक्षा बघत राहिले. "दोन बहिणींचं घेऊन बघितलं तर?"

"बहिणींचा काय संबंध? मांडव बहिणी मोजून घालतात का?"

"नाही. खरंच नाही. तेम्पे गार होतंय."

थोड्या वेळानं म्हणतात, मी करू का ही दुरुस्ती, तुम्ही दमला आहात. मी साफ सांगितलं, माझ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही कुणी. माझं मी बघेन. तर "हो म्बाक, बरोबर आहे" म्हणून परत आपल्या जागेवर. अरे, माणसानं भांडावं तरी!

१५ मे

सगळा प्रोग्राम पुन्हा वाचला. प्रत्येक ओळ बरोबर आहे. हेच वाईट आहे. चूक असती तर सापडली असती.

२० मे, मंगळवार

आपल्याकडून दनंगच्या घरी केळीच्या पानातला भात गेला होता, त्याचा डबा आज परत आला. रिकामा. त्या घरून आजवर कधी डबा रिकामा आलेला नाही. निदान दोन केळी, मूठभर शेंगदाणे, काहीतरी असायचंच. बू डब्यात बघत बसली, जणू तळाशी काही राहिलं असेल. लारसनं तो हातातून घेतला आणि घासायला नेला. धुतलेलाच डबा होता.

मी स्वयंपाकघरात शिरले तर दोघी बोलायच्या थांबल्या. अळीमिळी गुपचिळी. मी म्हटलं, "माझ्याबद्दल चाललं होतं का?"

"तुझ्याबद्दल काय बोलायचंय?" लारस म्हणाली. डोळे लाल. मी म्हटलं, कांदा चिरत होतीस का. ती म्हणाली, हो. कांदा कुठेच नव्हता.

आम्ही दोघी अजून एकाच खोलीत झोपतो, तिचं कपाट माझ्या उशाशी. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक बाटिकचं वस्त्र कागदात गुंडाळून ठेवलेलं आहे, लग्नात नेसायचं. मला ते दिसतं हे तिला माहीत आहे. मी बघितलेलं नाही असं मी दाखवते, हे मात्र तिला माहीत नसावं.

मी काय करू? मला कुणी विचारलेलं नाही. विचारल्याशिवाय आपण होऊन कसं बोलायचं? "जा, तू कर लग्न, माझं काही जमत नाही" असं? माझीही काही लाज आहे की नाही.

२६ मे, सोमवार

अडलेल्या लग्नांत आणखी भर. बू हार्मिनींनी आज ओरडणंही सोडलं, नुसत्या म्हणाल्या, "निकेन, माझी अब्रू आहे गं ही." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

सगळीकडे वाट बघणं. ऑफिसात वाट बघणारी कामं, घरी वाट बघणारी माणसं. दाराला कडी नाही, कुलूप नाही, तरी कुणाला बाहेर पडता येत नाही, असं झालंय. आज घरी जाताना स्कूटर उगाच नदीपर्यंत नेली आणि तशीच परत आले.

उशी बदलली आहे. आता जाड आली. मालकीणबाईंचे आभार मानले तर त्या म्हणाल्या, कसली उशी?

३ जून, मंगळवार

आज ऑफिसात एक बाई आली. माझ्याच वयाची, शाळेतली शिक्षिका, गणवेशातच. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आमच्या अडलेल्यांपैकी. मला वाटलं, आली भांडायला. तर ती हातातला मोबाइल माझ्यासमोर ठेवून म्हणाली:

"हा चालू आहे ना, एवढं बघून द्या."

"चालू आहे की. का?"

"तुमच्याकडून मला निरोप यायचा होता. लंगकाहानचा. मी थोरली आहे, माझं लग्न झालेलं नाही. धाकटीनं मला ओलांडून जायचं तर आधी माझी परवानगी मागायला हवी, मी मागेन ती भेट द्यायला हवी. बू हार्मिनी म्हणाल्या, आता हे यंत्रच विचारतं. मग मी तयार होऊन बसले. होकार तोंडाशी आणून बसले आहे, बाई! अंघोळीला जाताना मोबाइल नेते. कुणी मागायलाच येत नाही. घरी आईला वाटतं मी विसरले, धाकटीला वाटतं मी रुसले. एवढं धैर्य मी कितीदा गोळा करायचं?"

आणि ती रडली. माझ्या समोर, अनोळखी माणसासमोर, गणवेशात.

ती गेल्यावर मी बघितलं. लंगकाहान हे काम सगळ्या लग्नांत नसतंच. "घरी थोरलं भावंड बिनलग्नाचं आहे का" याला घरच्यांनी हो म्हटलं, तरच ते मागाहून जोडलं जातं. कामं एकमेकांत अडकून फेरा तर होत नाही ना, ही तपासणी सुरुवातीला होते. हे जोडलं जातं ते तपासणी होऊन गेल्यावर. आणि त्यात मी काय लिहिलंय? तारीख पक्की झाल्याशिवाय थोरलीला विचारायचं नाही. कारण अर्धवट ठरलेल्या गोष्टीसाठी तिचं मन कशाला दुखवायचं? आणि तारखेच्या कामात काय लिहिलंय? थोरलीनं होकार दिल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही. कारण तिला न विचारता तारीख ठरवणं हा तिचा अपमान. वेगवेगळ्या दिवशी लिहिलेली दोन वाक्यं, दोन्ही रीतीला धरून, दोन्ही माझी. तारीख थोरलीची वाट बघते, थोरली तारखेची. आणि त्या दोघींच्या मागे मांडव, स्वयंपाक, गामेलान, सगळे आडवे पडलेले.

अडलेलं एकेक लग्न उघडलं. एकूणएक घरात बिनलग्नाचं थोरलं भावंड.

मी मास पंबुदींच्या टेबलाशी गेले. "तुम्हाला हे माहीत होतं."

"हो," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"म्बाक, तुम्ही जेवलात का?"

"कधीपासून, विचारतेय मी!"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? लोकांची लग्नं अडली! ती बाई इथे रडून गेली!"

त्यांनी मान खाली घातली. "कसं सांगणार होतो? सगळी थोरली, बिनलग्नाची... तुम्हालाच कसं सांगू?"

मी त्यांना फार बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना माझी छत्री दाराशी आणून ठेवली, कारण ती मी विसरून निघाले होते.

४ जून

कामावर गेले नाही. लारस डोकं दुखतंय का विचारायला दोनदा आली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कपाट दिसत होतं.

५ जून, गुरुवार

दुरुस्ती करायला तासभरही लागला नाही. दोन गाठींपैकी एक कापायची होती. मी थोरलीची कापली. आता थोरलीचं काम कुणाचीच वाट बघत नाही. तिला कुणी विचारलेलं असो वा नसो, तारीख असो वा नसो, तिला वाटेल तेव्हा ती होकार कळवू शकते. मास पंबुदी मागे उभे होते. प्रोग्राम चालू केला आणि अडलेली लग्नं एकामागून एक उठायला लागली. त्या शिक्षिकेला मी स्वतः फोन केला. तिनं भेट म्हणून काय मागितलं तेही ऐकलं. ओव्हन.

आता खरं लिहिते. माझ्या घरातल्या गाठीचंही तेच, आणि ते मला कालपासून नाही, फार आधीपासून माहीत होतं. फोन येत नव्हता तरी मी अंगणात जात होते. मला भीती वाटते. लंगकाहानच्या दिवशी सगळे नातलग गोल बसून माझ्याकडे बघतील. जिला धाकटीनं ओलांडलं तिचं पुढे काही होत नाही, असं म्हणतात. तोंडावर कुणी म्हणणार नाही, कीव येऊन जास्तीचा भात वाढतील. त्या जास्तीच्या भातापायी मी माझ्या बहिणीला अडवून ठेवलं. कुणी मागत नाही म्हणून देत नाही म्हणायचं, आणि कुणी मागू नये म्हणून तोंड चुकवायचं. शाबास निकेन.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले. बू नारळ किसत होती, लारस जमिनीवर बसून मिरच्या निवडत होती. मी उभ्या उभ्या म्हटलं, "माझी भेट कुठाय?"

"कसली भेट?" बू म्हणाली.

"लंगकाहानची. हिला मला ओलांडून जायचंय ना? फुकट जायचं म्हणते की काय?"

बूच्या हातातला नारळ तसाच राहिला. लारस माझ्याकडे बघतच बसली. "म्बाक, तुला कुणी सांगितलं? आम्ही तर काही..."

"तेच ना. तुम्ही काही विचारत नाही, मी काही सांगत नाही, आणि तिकडून डबे रिकामे येतायत. दनंगला फोन कर. बेसरातली तारीख बघा म्हणावं."

"तू रागात बोलतेस का गं?" बूनं विचारलं.

"थोडी रागात आहे. पण खरं बोलतेय."

लारस उठली आणि तिखटाच्या हातांनी मला मिठी मारली. मान चुरचुरत होती तरी मी सोडलं नाही. मग बू रडायला लागली, मग लारस, आणि मी म्हटलं, "भेट काय ते तर ऐकून घ्या, नंतर रडा."

"सोन्याचं काही?" लारस डोळे पुसत म्हणाली.

"खुर्ची. ऑफिसची. पाठ टेकता येणारी, चाकांची, गोल फिरणारी. कंबर मोडली माझी त्या स्टुलावर."

"लंगकाहानला खुर्ची?" बूचं रडणं थांबलं. "पानाफुलांच्या तबकात काय चाकं ठेवायची?"

"रिवाज आहे ना, थोरली मागेल ते द्यायचं? मग."

१३ जून, शुक्रवार

तारीख निघाली, बावीस. आदल्या दिवशी लंगकाहान. सेमारांगची मावशी येऊन राहिली आहे. आल्या आल्या माझे दोन्ही हात हातात घेतले, म्हणाली, "मोठं मन गं तुझं," आणि जेवताना जास्तीचा भात वाढला. मला वाटलं, होकार परत घ्यावा. घेता येतो का? माझ्या प्रोग्राममध्ये तरी तशी सोय मी ठेवलेली नाही.

रात्री लारसचं कपाट रिकामं करायला घेतलं. अर्धं रिकामं झालेलं बघवेना. इतकी वर्षं ही खोली लहान लहान म्हणून मी कुरकुर केली.

मास पंबुदी घरच्या लग्नाबद्दल काही विचारत नाहीत. मीच सांगितलं, एकवीसला मी नाही, तुम्ही यंत्राकडे लक्ष ठेवा, बेसराचे शेवटचे दिवस आहेत. "हो म्बाक," म्हणाले. मी त्या दिवशी बोलले त्याची माफी मागायची होती. ती अजून राहिली आहे.

२१ जून, शनिवार

झालं.

खुर्ची अंगणातल्या मांडवात मध्यभागी ठेवली होती. दनंगनं स्वतः आणली, काळी, उंच पाठीची. मावशीनं खुर्चीच्या हातांना जाईच्या माळा गुंडाळल्या होत्या, पार देवघरच करून टाकलेलं तिचं. लोक आले ते माझ्याकडे दयेनं बघायच्या तयारीत आले होते, ते मला दिसलं. पण खुर्ची बघून त्यांना काय चेहरा करावा ते कळेना. दनंगचा धाकटा काका म्हणाला, "ही फिरते का?" मी बसले आणि एक पूर्ण फेरी मारून दाखवली. हसली मंडळी, बूसुद्धा. मावशीच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच अडकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग लारस समोर गुडघ्यांवर बसली. रिवाजाचे शब्द होते, म्बाक, मी धाकटी, तुला ओलांडून पुढे जाते, मला रजा दे. अर्धे शब्द तिला बोलताच आले नाहीत. तिनं माझ्या गुडघ्यांवर डोकं टेकलं, अंगातली सगळी ताकद लावून टेकलं, आणि फरशी गुळगुळीत, चाकं नवी, मी खुर्चीसकट मागे मागे जायला लागले.

कुणीतरी "अगंबाई" केलं. अपशकुन, हे प्रत्येकाच्या मनात आलं असणार. माझ्या तर आलंच. लारस गुडघ्यांवर पुढे सरकत होती, मी लांब जात होते, आणि पाय टेकायला जमीन सापडेना.

मग खुर्ची थांबली. घट्ट.

मागे वळून बघितलं तर मास पंबुदी. नवा बाटिकचा सदरा घालून, चाकाला पाय अडवून, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभे.

"तुम्ही इथे? आणि यंत्र?"

"यंत्र ठीक आहे म्बाक. कुणी अडलेलं नाही." आणि मग माझ्या कानाशी, "होकार द्या आता. ती केव्हाची वाकली आहे."

मी लारसच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना तेलाचा वास येत होता, लहानपणी मी लावून द्यायचे तोच. म्हटलं, "जा बाळा. सुखानं जा. मी काही खाली पडत नाही." माझे शब्द रिवाजाचे नव्हते, पण कुणी चूक काढली नाही. मग मात्र मी रडले, सगळ्यांसमोर, आणि जास्तीचा भात मिळेल याची पर्वा केली नाही.

विधी संपला. लारसला पुढच्या विधींसाठी आत नेलं, मंडळी पानांवर बसायला निघाली. मांडव रिकामा झाला तरी मी खुर्चीत बसलेलीच, आणि मास पंबुदींनी चाकावरचा पाय काढलेला नव्हता. मी म्हटलं, "आता नाही जात मी घरंगळत." ते म्हणाले, "हो म्बाक," आणि तसेच उभे राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खुर्चीवर एक उशी आहे. दनंगनं नव्हती आणलेली. जुनीच, जाड, ऑफिसातली.

मी बराच वेळ वाट बघितली, ते काही बोलतील म्हणून. ते काही बोलेनात. हा माणूस असाच उभा राहील, बेसर संपेल, सुरो येईल, असं मला स्पष्ट दिसलं.

शेवटी मीच म्हटलं, "मास, माझ्याशेजारच्या पानावर बसता का?"